आधी म्हावऱ्याला, मग माणसाला

वरळी कोळीवाड्यात बर्फ आधी म्हावऱ्याला मिळतो, माणसाचा नंबर नंतर लागतो. एप्रिल-मे महिन्यांत सगळं शहर गोळा, कुल्फी, पन्हं यांच्या शोधात असतं, तेव्हा क्लीव्हलँड बंदरावर होडीत चढणाऱ्या सामानात डिझेल, जाळी आणि पिण्याच्या पाण्याबरोबर बर्फही मोजून घेतलेला असतो. मुंबईच्या उन्हाळी गारव्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण आइस्क्रीमच्या दुकानापासून सुरुवात करतात. मला ती बंदरापासून करावीशी वाटते. गोळा चार महिन्यांचा पाहुणा आहे, मासळीला मात्र बर्फ वर्षातले दहा महिने लागतो, आणि तो मिळाला नाही तर त्या दिवसाची कमाई संध्याकाळपर्यंत वास मारू लागते.

जाळ्यातून वर आलेली मासळी त्या पाण्याइतकीच कोमट असते, म्हणजे मे महिन्यात २८ ते ३० अंश सेल्सिअस. एक किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणायची तर तिच्यातून सुमारे २५ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ नुसता वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता गिळतो. म्हणजे कागदावर किलोभर मासळीला ३०० ग्रॅम बर्फ पुरे. तरीही उष्ण प्रदेशात किलोला किलो बर्फ लावावा, असं मत्स्यतंत्रज्ञ सांगतात. उरलेला ७०० ग्रॅम बर्फ मासळीवर खर्च होतच नाही. पेटीच्या भिंतींमधून, झाकणाच्या फटीतून, तापलेल्या फळ्यांमधून आत शिरणारी उष्णता थोपवण्यात तो संपतो. होडीला परतायला जितका उशीर, तितका हा दुसरा हिस्सा मोठा. वरळीच्या होड्या बहुतेक लहान, किनाऱ्यालगत मासेमारी करून त्याच दिवशी परतणाऱ्या. सागरी किनारा मार्गाच्या पुलाचे खांब बंदराच्या तोंडाशी उभे राहू लागले, तेव्हा इथल्या नाखवांनी दोन खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं. बऱ्याच संघर्षानंतर २०२२ च्या अखेरीस ते ६० मीटरवरून १२० मीटर करायचं ठरलं. त्या भांडणात सुरक्षिततेचा मुद्दा पहिला होता. पण होडीला वळसा पडला की डिझेल वाढतं आणि बर्फही वाढतो, हेही त्या मागणीत होतंच.

बर्फ लावायचीही एक रीत आहे. मोठी ढेकळं टाकून भागत नाही. ढेकूळ मासळीला चार ठिकाणीच टेकतं, मधल्या पोकळीत हवा राहते आणि हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते. बर्फ बारीक फोडून थर द्यायचे, एक बर्फाचा, एक मासळीचा, वर पुन्हा बर्फ. वितळलेलं गार पाणी खालच्या थरांमधून झिरपत जातं, प्रत्येक खवल्याला भिडतं आणि वाटेतली घाण धुऊन नेतं. गारवा पोहोचवण्याचं निम्मं काम हे पाणीच करतं, म्हणून पेटीच्या तळाला निचरा हवा. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण प्रकरणाच्या शेवटी ती माणसाच्याही उपयोगी पडणार आहे.

बर्फ हाताशी नव्हता तेव्हा कोळी समाजाने दुसरा मार्ग काढला होता. जीवाणूंना वाढायला ऊब लागते, तसंच पाणीही लागतं. ऊब काढून घेता येत नसेल तर पाणी काढून घ्या. ओल्या बोंबलात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी असतं, त्यामुळे तो सगळ्यांत आधी बिघडतो. म्हणून तो बांबूच्या वलांडीवर टांगून वाऱ्या-उन्हात वाळवला जातो. जवळा, सोडे, सुकट, खारवलेली मासळी ही सगळी त्याच विचाराची लेकरं. जे ऊन माणसाला नकोसं होतं, ते कोळणीला वर्षाच्या बेगमीसाठी हवं असतं. मे महिन्याच्या कडक उन्हाकडे कोळीवाडा आणि बाकीचं शहर एकाच नजरेने पाहत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता बर्फाची लादी कशी बनते ते पाहू. बर्फाच्या कारखान्यात एक लांबरुंद टाकी असते आणि तिच्यात मिठाचं तीव्र पाणी असतं. अमोनिया वायू यंत्राने दाबून, थंड करून द्रवरूप करायचा आणि टाकीतल्या नळ्यांमध्ये त्याच्यावरचा दाब उतरवायचा. दाब उतरला की अमोनिया उकळतो. वातावरणाच्या दाबाला तो उणे ३३ अंशांवरच उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता भोवतालच्या पाण्यातून ओढून घेतो. मिठाचं पाणी उणे १० अंशांच्या आसपास पोहोचतं, तरी मिठामुळे गोठत नाही. त्या पाण्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे उभे सोडलेले असतात. डब्याच्या भिंतीला आधी बर्फ धरतो आणि हळूहळू आत सरकतो. पण जो बर्फ धरला, तोच पुढच्या गारव्याच्या वाटेत आडवा येतो. म्हणून जाडी दुप्पट केली की वेळ चौपट लागतो, आणि सव्वाशे-दीडशे किलोची लादी तयार व्हायला एक ते दोन दिवस जातात. गोठताना पाणी आपल्यात विरघळलेली हवा आणि क्षार पुढे ढकलत राहतं. शेवटी त्यांना जायला जागा उरत नाही आणि ते मधोमध अडकतात. लादी कडेला काचेसारखी नितळ आणि पोटात पांढुरकी दिसते, ती यामुळे. डबा क्षणभर साध्या पाण्यात बुचकळला की कडा सुटतात आणि लादी सरकून बाहेर येते.

यंत्रं येण्याआधी मुंबईत बर्फ जहाजाने येत होता, तोही अमेरिकेतून. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८०६ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर तळ्याचा बर्फ पाठवून या धंद्याला सुरुवात केली. मे १८३३ मध्ये त्याचं ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कोलकात्याकडे निघालं. चार महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडूनही सप्टेंबरात सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोहोचला. हे कसं जमलं, याचं उत्तर पुन्हा त्या ८० किलोकॅलरींमध्ये आहे. बर्फाला वितळायला खूप उष्णता लागते, ती त्याच्या पृष्ठभागातूनच आत येऊ शकते, आणि ढीग जितका मोठा तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी. भोवती लाकडाचा भुसा दाबून भरला की तोही मार्ग आखडतो. थर्माकोलच्या पेटीत बर्फ नेणारा आजचा कोळी नेमकं हेच करतो.

मुंबईत १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं. नंतर यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, असं सांगतात. त्या बातमीत नव्या पदार्थाबद्दलची भीती आहे आणि हेवाही आहे. पुढे १८४० च्या दशकात वर्गणी काढून फोर्टात बर्फघर उभं राहिलं. आज काळा घोड्याजवळ के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, तिथे ते होतं. १९२० च्या दशकात ते पाडण्यात आलं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरचं तसंच बर्फघर मात्र अजून उभं आहे आणि विवेकानंदांच्या वास्तव्यामुळे ओळखलं जातं. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी राहणाऱ्या हेन्री डेव्हिड थोरोने १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसं त्या तळ्याचा बर्फ कापताना पाहिली होती. मद्रास, मुंबई आणि कोलकात्याचे लोक आता आपल्या तळ्याचं पाणी पितात, या जाणिवेने तो हरखला होता.

तो बर्फ पीत कोण होतं, हा प्रश्न मला थोरोच्या आनंदापेक्षा महत्त्वाचा वाटतो. साहेबांच्या आणि शेटजींच्या टेबलापलीकडे तो फारसा गेला नाही. वरळी तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं आणि तिथली मासळी मिठावर आणि उन्हावरच टिकत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमोनियाची यंत्रं आली, बर्फ इथेच बनू लागला आणि अमेरिकेचा व्यापार बसला. विसाव्या शतकात होड्यांना इंजिनं आली, जाळी नायलॉनची झाली, ससून गोदीतून आठ-दहा दिवसांच्या सफरीवर जाणाऱ्या मोठ्या बोटी टनांनी बर्फ उचलू लागल्या. शेटजींच्या पेल्यातली चीज मासळीच्या पाटीत आली आणि तिथून गोळेवाल्याच्या गाडीवर. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जुन्या बर्फ कारखान्यात २०२२ पासून कलादालन भरतं. ज्यांना त्या कारखान्यांचा आकार डोळ्यांनी पाहायचा आहे, त्यांनी तिथे जरूर जावं.

गोळ्याला यंत्र फार लागत नाही. पूर्वी गोळेवाले सुताराचा रंधा उलटा ठेवून त्याच्या पात्यावर बर्फ घासत आणि खाली पडणारा भुगा हाताने दाबून काडीभोवती बसवत. पुढे हाताने फिरवायचं चाक आलं. चांगल्या गोळ्याची ओळख त्याच्या किसात असते. कीस भरड असेल तर सरबत खाली निथळून जातं, अगदी पिठासारखा असेल तर दाबल्यावर त्याचा दगड होतो. मधल्या किसात कणाकणांमध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि साखरेचं दाट सरबत त्यांत धरून राहतं. साखरेमुळे ते सहजासहजी गोठत नाही. म्हणून गोळा चोखला की रंग आणि चव तोंडात येते, काडीवर पांढरा बर्फ उरतो आणि पोरं तो पुन्हा रंगात बुडवायला पुढे करतात. गार जिभेला गोडी कमी कळते, त्यामुळे सरबत भलतंच गोड करावं लागतं. तेच सरबत खोलीच्या तापमानाला प्यायलं तर नकोसं वाटेल. काळाखट्ट्यातली जांभळाची तुरट चव, लिंबू, काळं मीठ आणि जिरं हे सगळं मात्र गारठलेल्या जिभेलाही जाणवतं. मुंबईने सगळ्या रंगांमधून काळाखट्टा निवडला तो याच कारणाने, असं माझं मत आहे.

कोळीवाड्याच्या गल्ल्यांत, लालबाग-परळच्या चाळींत गोळ्याच्या जोडीला प्लॅस्टिकच्या नळीत गोठवलेलं रंगीत पाणी असतं. मुलं त्याला पेप्सी म्हणतात आणि दातांनी टोक तोडून दुपारभर चोखत बसतात. वरळीलाच सरकारी दुग्धशाळा होती, त्यामुळे आरेच्या दुकानातली एनर्जीची गार बाटली हाही इथल्या कित्येकांच्या सुट्टीचा भाग होता. दादरला प्रकाशचं पीयूष, क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा, हाजी अलीचे ज्यूस, गिरगाव चौपाटीजवळची वजनावर विकली जाणारी कुल्फी ही नावं वाचकाला माझ्याहून जास्त ठाऊक असतील.

कुल्फी आणि पॉटच्या आइस्क्रीमबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यांचं तंत्र कारखान्याच्या टाकीशी थेट जोडलेलं आहे. बर्फ शून्य अंशाला असतो. शून्य अंशाच्या बर्फात साखर घातलेलं दूध ठेवलं तर ते गोठणार नाही, कारण साखरेमुळे त्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली गेलेला असतो. बर्फात जाडं मीठ घातलं की मीठ बर्फाला वितळायला लावतं, वितळण्यासाठी लागणारी उष्णता बर्फ स्वतःमधूनच आणि शेजारच्या भांड्यातून खेचतो आणि सगळ्या मिश्रणाचं तापमान उतरत उतरत जातं. वजनाने एक चतुर्थांशाच्या जरा आत मीठ पडलं तर उणे २१ अंशांपर्यंतही पोहोचता येतं. गिरगावात-दादरमध्ये मे महिन्यात लाकडी बादलीचा पॉट यायचा, घरातले सगळे पाळीपाळीने दांडा फिरवायचे, आणि फिरवणं कुठल्याही कारणाने थांबवायचं नाही अशी मोठ्यांची ताकीद असायची. ती ताकीद शास्त्राला धरून होती. दूध हलतं राहिलं तर बर्फाचे स्फटिक बारीक राहतात, थांबलं तर ते वाढतात आणि आइस्क्रीम खाताना दाताखाली करकरतं. कुल्फीवाल्याला हा दांडा लागत नाही, कारण त्याने दूध आधीच आटवून दाट केलेलं असतं. त्या दाटपणात स्फटिकांना वाढायला जागाच मिळत नाही आणि हवा भरलेली नसल्याने कुल्फी वितळतेही सावकाश. भेंडीबाजाराजवळच्या बोहरी मोहल्ल्यात १८८७ पासून चालत आलेलं ताज आइस्क्रीम अजूनही सांच्यात हाताने फिरवतात. समुद्राच्या मिठाने गार करण्याच्या आधी सोऱ्याने गार करत. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त सोरा विरघळवलेल्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी थंड करण्याची रीत नोंदवलेली आहे.

मासळीचा बर्फ आणि गोळ्याचा बर्फ एकाच आकाराच्या लाद्यांतून येतो, यातच मोठा धोका आहे. मासळीसाठी, मृतदेह ठेवण्यासाठी किंवा काँक्रीट गार करण्यासाठी बनवलेल्या बर्फाचं पाणी पिण्याजोगं असायलाच हवं असं नाही. तो लाकडी भुशात, गोणपाटात, रस्त्यावर ठेवला जातो. गोठण्याने जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. बहुतेक जंतू आणि विषाणू थंडीत नुसते थबकतात, आणि बर्फ तोंडात वितळला की पुन्हा कामाला लागतात. कावीळ, विषमज्वर, हगवण हे सगळे या वाटेने येऊ शकतात. मुंबई महापालिका उन्हाळ्यात फेरीवाल्यांच्या बर्फाचे नमुने तपासते आणि त्यांत विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू वारंवार सापडले आहेत. म्हणून २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अखाद्य बर्फात खाण्याचा निळा रंग घालायला सांगितलं आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची सक्ती केली. खायचा बर्फ बिनरंगी आणि बाकीचा निळा, म्हणजे गिऱ्हाइकाला लांबूनच कळावं.

हा नियम मला फार हुशारीचा वाटतो. प्रयोगशाळेची तपासणी रस्त्यावरच्या मुलाच्या हातात देता येत नाही, रंग देता येतो. पण ज्या कारखान्यात दोन्ही बर्फ बनतात तिथे टाक्या आणि डबे वेगळे ठेवावे लागतात, आणि खर्च वाचवायचा मोह होतो. पांढरा बर्फ दिसला म्हणजे तो पिण्याच्या पाण्याचाच आहे, अशी खात्री अजून देता येत नाही. त्यामुळे गोळा खायचाच तर नेहमीच्या, वस्तीतल्या, ज्याला रोज तिथेच उभं राहायचं आहे अशा गोळेवाल्याकडे खावा. ऊस पिळणाऱ्याला बर्फाशिवाय रस मागावा. लहान मुलांसाठी घरच्या फ्रीजमधल्या, उकळून गार केलेल्या पाण्याच्या बर्फाचा कीस सगळ्यांत चांगला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या सगळ्या गार पदार्थांनी माणूस खरोखर थंड होतो का? दीडशे ग्रॅम बर्फाचा गोळा खाल्ला असं धरू. तो वितळायला १२ किलोकॅलरी आणि ते पाणी ३७ अंशांपर्यंत तापायला साडेपाच, म्हणजे शरीरातून साडेसतरा किलोकॅलरी उष्णता गेली. नुसतं बसून असलेलं माणसाचं शरीर ताशी सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता तयार करतं. गोळ्याने जेमतेम पाव तासाची भरपाई झाली. त्यावरच्या सरबतात ४० ग्रॅम साखर असेल तर तिच्यातून १६० किलोकॅलरी मिळतात, त्या वेगळ्या. दुसरीकडे, एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे गोळ्याने जेवढं काम केलं, तेवढं काम तीस मिलिलिटर घाम, सहा चमचे घाम, फुकटात करतो. गोळ्याचं सुख खरं आहे. तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना तो सुखावतो, तहान भागल्याची जाणीव मेंदूला लगेच देतो, दुपार सुसह्य करतो. पण शरीराचा ताप उतरवणारा तो नव्हे.

अट एकच, घाम वाळला पाहिजे. मुंबईत अडचण नेमकी तिथे आहे. नागपूरला मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असतो, पण हवा कोरडी. आर्द्रता २० टक्के धरली तर ओल्या पृष्ठभागाचं तापमान २५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतं. विदर्भातला माठ आणि वाळ्याचे पडदे याच जोरावर काम करतात. मुंबईत पारा ३३ अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ओला पृष्ठभाग २८ अंशांच्या खाली जात नाही. तिकडे अठरा अंशांचा फायदा, इकडे पाचच. कोळीवाड्यातल्या घरातला माठ पाणी गोड ठेवतो, पण फार गार करत नाही, आणि अंगावरचा घाम वाळण्याऐवजी ओघळतो. ओघळलेला घाम उष्णता नेत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. म्हणून या किनाऱ्यावर कोकमाच्या सरबतात, पन्ह्यात, सोलकढीत, ताकात मीठ घालायची रीत आहे. त्या पेयांचं महत्त्व त्यांच्या गारव्यापेक्षा मिठात आणि पाण्यात जास्त आहे. माठातल्या पाण्याचं पन्हं हे बर्फ घातलेल्या रंगीत सोड्यापेक्षा दुपारभर होडीवर किंवा बाजारात बसणाऱ्या माणसाच्या जास्त कामाचं.

दमट हवेत घामाचा खरा सोबती वारा. त्वचेला चिकटून बसलेली ओलसर हवा वारा उडवून लावतो आणि तिच्या जागी थोडी कमी ओलसर हवा येते. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं आणि मुंबईची हवा बहुतेक दिवशी त्याहून गार असते, त्यामुळे इथे साधा पंखाही चांगलं काम करतो. दुपारच्या आत समुद्रावरून खारा वारा सुटला की पारा तिथेच अडतो. ज्या दिवशी पूर्वेकडून जमिनीचा वारा जोर धरून राहतो आणि खाऱ्या वाऱ्याला उशीर होतो, त्या दिवशी शहर भाजून निघतं. सांताक्रूझ वेधशाळेचा ४२.२ अंशांचा उच्चांक १४ एप्रिल १९५२ चा आहे. वरळी कोळीवाडा वरळीच्या उत्तर टोकाला, एका बाजूला खुला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला माहीमचा उपसागर अशा जागी किल्ल्याच्या आडोशाला वसला आहे. वारा त्याच्या दाराशी येतो, पण अरुंद गल्ल्या, माळ्यावर चढवलेले माळे आणि पत्र्याची छपरं यांमुळे आतल्या खोलीपर्यंत पोहोचतोच असं नाही. पत्रा उन्हात तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता ओततो. संध्याकाळी बायका जाळी विणायला, मासळी निवडायला, नुसतं बोलायला ओट्यावर आणि बंदरावर येऊन बसतात, तो त्या घरांनी शिकवलेला शहाणपणा आहे. कोळीवाड्यांच्या पुनर्विकासाच्या चर्चेत घराचे चौरस फूट मोजले जातात, वाऱ्याची वाट कोणी मोजत नाही. ती मोजली जावी असं मला कळकळीने वाटतं.

दमट हवेचा धोका किती मोठा असतो ते १६ एप्रिल २०२३ ला दिसलं. नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक भर दुपारच्या उन्हात तासन्‌तास बसले होते. त्यांतले १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी विदर्भासारखा पारा चढला नव्हता. ऊन, दमट हवा, सावलीचा अभाव आणि दाटीत अडलेला वारा एवढं पुरलं. उष्माघातात शरीराचा ताप ४० अंशांच्या वर जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, गोंधळतो, भिरभिरतो किंवा बेशुद्ध होतो. घाम थांबलेला असेल किंवा नसेलही, त्यावर विसंबू नये.

आणि इथे बर्फाने माणसाचा जीव वाचू शकतो. फक्त तो तोंडावाटे नव्हे, कातडीवरून. अशा वेळी मासळीच्या पेटीत जे केलं जातं, तेच करायचं असतं. सावलीत आणून जाड कपडे काढायचे. मोठा टब असेल तर बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवायचं आणि डोकं पाण्याबाहेर धरून कोणीतरी सतत सोबत राहायचं. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या चादरी, टॉवेल, लुगडी सगळ्या अंगावर पसरायची आणि ती कोमट झाली की लगेच बदलायची, वरून पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घालत राहायचं. बर्फाचा एखादा खडा कपाळावर धरून काही होत नाही. गार पाणी जितक्या जास्त कातडीला भिडेल तितकी उष्णता लवकर निघते. बंदरावर, मासळी बाजारात हा बर्फ हाताशी असतोच. तो निळा असला तरी अंगाला लावायला पूर्ण चालतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नये. १०८ ला फोन लावावा, आणि रुग्णवाहिका दाराशी येईपर्यंत चादरी बदलणं थांबवू नये.